वेताळाला शहरात येऊ द्या



संमेलनाध्यक्षांनी भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी, अभिजात दर्जाबद्दल समाधान व्यक्त करावं आणि कुणालाही न दुखवता खाली बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे. आज मी ती पाळणार नाही. मी भांडायला उभी आहे, आणि भांडण भुतांच्या बाजूने आहे.

सकाळच्या परिसंवादात एकच सूर पुन्हा पुन्हा लागला. आजची मुलं व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, चेटकिणी यांच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्या वाचून ती वाया जातात. मराठीत हे लोण येऊ नये. यातलं पहिलं विधान खरं आहे. पुढची दोन मला मान्य नाहीत. ती का मान्य नाहीत हे या व्यासपीठावरूनच सांगायला हवं, कारण ज्या वाङ्मयाला आपण दाराबाहेर उभं केलं त्याच्या बाजूने बोलायला इथे आजवर फारसं कुणी उभं राहिलेलं नाही.

सुरुवात पैठणपासून करते. सातवाहनांच्या दरबारातला गुणाढ्य पैज हरला आणि शब्दाला जागून त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा, तिन्ही सोडल्या. अरण्यात जाऊन तो पिशाचांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती परत पाठवली, कारण भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. चरणं सोडून प्राणी रडत ऐकत राहिले, वाळत गेले, राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं पडू लागलं, आणि तेव्हा कुठे राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही हकीकत सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली आहे, आणि त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस गोष्टीही आहेत. मला ही नुसती दंतकथा वाटत नाही. आपल्या समीक्षेचा स्वभाव तिच्यात आहे. पुस्तक कुठल्या कुळातलं आहे ते आधी बघायचं, आत काय आहे ते नंतर, आणि बहुतेकदा बघायचंच नाही.

आपण अद्भुताच्या विरोधात आहोत का? मुळीच नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' घ्या. १९५९ साली आली, १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं. तिच्यात शाप आहे, मेलेल्याला उठवणारी संजीवनी आहे, बापाचं म्हातारपण मुलाच्या अंगावर उतरवण्याचा व्यवहार आहे. यातलं काय वास्तव आहे? चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त कोकणाच्या काठावर अतिमानुष शक्ती माणसाच्या आयुष्यात घुसते, आणि श्याम बेनेगलांना त्यावर चित्रपट करावासा वाटतो. जी. एं.च्या कथांतल्या गूढापुढे आपण सगळे नतमस्तक आहोत, मीही आहे. मग अडतं कुठे? अडतं ते अद्भुत आजच्या कपड्यांत आलं की. तोच शाप पुराणात घडला तर चिंतन, कोथरूडच्या सोसायटीत घडला तर थिल्लरपणा. हा निकष वाङ्मयीन नाही. हा निकष प्रतिष्ठेचा आहे, आणि तो प्रामाणिक नाही.

या अप्रामाणिकपणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावं घेते. नारायण धारप, जन्म १९२५, मृत्यू २००८. शंभराहून अधिक पुस्तकं. त्यांचा 'समर्थ' वाचत मराठीतल्या दोन-तीन पिढ्या वाचायला शिकल्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात जा आणि पुन्हा पुन्हा शिवलेली, पुठ्ठा बदललेली पुस्तकं कुणाची आहेत ते बघा. त्यांच्यावर आपल्या विद्यापीठांतून किती गंभीर लेखन झालं, हे इथे बसलेल्या प्राध्यापकांनी स्वतःला विचारावं. रत्नाकर मतकरींना नाटकासाठी मानलं गेलं, बालनाट्यासाठी मानलं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण 'खेकडा', 'गहिरे पाणी' यांसारख्या गूढकथांनी त्यांनी मध्यमवर्गीय घरातल्या गुन्हेगार मनाचा जो तळ दाखवला, त्याला आपण 'मतकरींचं दुसरं अंग' म्हणून बाजूला ठेवलं. २०२० साली करोनाने त्यांना नेलं, तेव्हाच्या श्रद्धांजल्यांतही या कथांना मिळाली ती बहुधा एखादी ओळ. बाबूराव अर्नाळकरांबद्दल तर बोलायलाच नको. हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा माणूस वाङ्मयेतिहासात तळटिपेपुरता उरतो.

डॉ. जयंत नारळीकर २०२१च्या नाशिकच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. विज्ञानकथेला ती खुर्ची मिळाली. पण ती मिळायला नारळीकरांचं खगोलशास्त्रातलं जागतिक नाव पाठीशी असावं लागलं, हेही तितकंच खरं. धारपांकडे फक्त वाचक होते.

आता मुख्य आक्षेपाकडे येते, कारण तो हलका नाही आणि मी तो हलका मानत नाही. म्हणतात, महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढताना माणसांनी प्राण दिले, आणि तुम्ही तरुणांच्या हाती भुतं देता. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम आला, आणि डिसेंबरात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. या चळवळीचं ऋण मी मानते आणि तिच्या बाजूने उभी आहे. म्हणूनच सांगते, हा आक्षेप त्या चळवळीलाही न्याय देत नाही. कायद्याने अनुसूचीत कृत्यं सांगितली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून फसवणूक, गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं. यात सगळीकडे एक गोष्ट समान आहे: कुणीतरी खोटं खरं म्हणून विकतो आणि दुसऱ्याच्या शरीरावर, पैशावर, जिवावर हात टाकतो. कादंबरीकार नेमकं उलट करतो. मुखपृष्ठावरच तो सांगतो की ही कादंबरी आहे. पंधरा वर्षांची मुलगी व्हॅम्पायरची गोष्ट वाचते ती लसणाची माळ दाराला बांधायची म्हणून नाही. कल्पित आणि दावा यांतला फरक तिला कळतो. हा फरक ओळखण्याचा सराव ज्या मुलांना लहानपणापासून झालेला असतो ती बुवाच्या दरबारात सहजी सापडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ज्याला गोष्ट म्हणजे काय हे माहीतच नाही, त्याला बुवाची गोष्ट खरी वाटते.

मात्र या आक्षेपात एक धारदार टोक आहे आणि ते माझ्या बाजूच्या लेखकांकडे वळवायला हवं. आपल्या भयकथांत चेटकीण कोण असते? एकटी म्हातारी. विधवा. गावाबाहेर राहणारी, मूल नसलेली. नंदुरबारच्या सातपुड्यात आजही बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावातून हाकललं जातं, जीव घेतला जातो. त्या बाईचं जे चित्र गावाने मनात रंगवलेलं असतं तेच जर तुम्ही कादंबरीत पुन्हा रंगवलंत, तर तुम्ही भीती लिहिली नाहीत, तुम्ही गावाची साक्ष लिहिलीत. भूतकथा अंधश्रद्धा पसरवते हे मला अमान्य आहे. पण आळशी भूतकथा जुना द्वेष आयता उचलते, हे मला मान्य आहे. हिरवं लुगडं, मोकळे केस, उलटी पावलं, एवढ्यावर कादंबरी उभी करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

आपली भुतं जरा नीट बघा. मुंजा कोण? मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो पोरगा. हडळ, अळवंत कोण? पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेलेली बाई. समंध कोण? धनाला वारस नसताना मेलेला, त्या धनावरून न उठणारा. ब्राह्मण मेला तर ब्रह्मराक्षस, म्हणजे मेल्यावरही मान जातीप्रमाणेच. ही नावं म्हणजे कुणाकुणाचं आयुष्य अर्धवट तुटलं याची लोकांनी ठेवलेली नोंद आहे. बाळंतपणात किती बायका मरत होत्या हे सरकारी दफ्तरात सापडायच्या कितीतरी आधी ते गावाला माहीत होतं, आणि त्या माहितीला गावाने हडळ हे नाव दिलं होतं. असा ऐवज हाताशी असताना आपले लेखक वाड्यातली जिन्याची करकरणारी पायरी आणि अमावास्या यांच्यापुढे जात नाहीत, याचा मला राग येतो.

बाहेर काय झालं ते बघू. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' मे १८९७मध्ये लंडनमध्ये आली. त्याच्या पुढच्याच महिन्यात, २२ जूनच्या रात्री, प्लेगने पोळलेल्या पुण्यात चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. आज आपण 'ड्रॅक्युला' जुनाट किल्ल्याची गोष्ट म्हणून वाचतो. पण त्या कादंबरीत टाइपरायटर आहे, फोनोग्राफवर रोजनिशी बोलून ठेवणारा डॉक्टर आहे, आगगाड्यांची वेळापत्रकं आहेत, रक्त चढवणं आहे, आणि लंडनमध्ये रीतसर मालमत्ता विकत घेणारा परका सरदार आहे. स्टोकरने भूत आपल्या काळाच्या ऐन मध्यावर आणून सोडलं. त्याच वर्षीच्या पुण्यात घराघरांत शिरणारे सोल्जर होते, तपासणीच्या छावण्या होत्या, रिकामे पडलेले वाडे होते. त्या पुण्यावर तसली कादंबरी मराठीत आजवर का उभी राहिली नाही?

अर्बन फॅन्टसी म्हणून जो प्रकार पुढे रूढ झाला त्याचं मर्म हेच आहे. एमा बुल यांनी १९८७ साली परीलोकाचं युद्ध मिनिआपोलिसच्या रॉक संगीताच्या गर्दीत आणलं. जिम बुचर यांचा जादूगार हॅरी ड्रेस्डेन शिकागोत खाजगी गुप्तहेर आहे आणि भाड्याची चिंता करतो. रशियात सर्गेई लुक्यानेंको यांनी १९९८ साली 'नाइट वॉच'मध्ये सोव्हिएत राजवट कोसळल्यानंतरचं मॉस्को उजेड आणि अंधार यांच्या दोन कचेऱ्यांत वाटून टाकलं. बेन आरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन'मध्ये पोलीस शिपाई पीटर ग्रँटला शहराच्या नद्याच भेटतात. थेम्सची देवी नायजेरियातून आलेली बाई आहे, आणि गटारांत गाडल्या गेलेल्या उपनद्या तिच्या मुली आहेत. शहराने काय गाडलं, कोण कुठून आलं, कुणाचा हक्क कुणी घेतला, हे सगळं तिथे करमणुकीच्या वेगाने वाचकाच्या हाती येतं. आपल्याकडे इंग्रजीत इंद्र दास यांनी 'द डिव्हाउरर्स'मध्ये कोलकात्यात रूप बदलणाऱ्या श्वापदांची कादंबरी २०१५ साली लिहिली. बंगाली शहर घडलं, आपलं राहिलं.

या बाजारातलं सगळंच मी डोक्यावर घेते असं समजू नका. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' २००५ साली आली, २००८पर्यंत चार भाग झाले, दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. आपल्या शहरांतल्या मुलींनीही ती वाचली. मी ती पूर्ण वाचली आहे आणि मला ती घातक वाटते. मात्र सकाळच्या वक्त्यांना वाटते त्या कारणासाठी नाही. तिचा नायक एडवर्ड १९०१ साली जन्मलेला, १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला. सतरा वर्षांच्या बेलाच्या खोलीत तो तिच्या नकळत रात्री शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात तर तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. कादंबरी याला प्रेम म्हणते. मी याला पाळत म्हणते. आपल्याकडे एकतर्फी प्रेमातून मुलींवर काय काय होतं हे वर्तमानपत्र उघडलं की दिसतं, आणि तरी या पुस्तकावर आक्षेप घेताना आपल्याला रक्त पिणं तेवढं दिसलं, पाळत दिसली नाही. हे का घडलं? आपण हा प्रकार वाचायच्या लायकीचा मानलाच नाही म्हणून. ज्याला साहित्य मानलं नाही त्याची समीक्षा होत नाही, आणि ज्याची समीक्षा होत नाही त्यातलं विष आणि पोषण दोन्ही मुलांनी एकट्यानेच वेगळं करायचं. प्रौढांसाठीच्या पॅरानॉर्मल प्रणयकादंबऱ्यांतही हाच दोष पदोपदी सापडतो: नायक शेकडो वर्षांचा, सर्वशक्तिमान, हिंस्र, आणि त्याची हिंसा हाच त्याच्या प्रेमाचा पुरावा. मुलींना हे वाचू देऊ नका असं मी म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर बसून वाचा आणि वाद घाला, असं म्हणेन.

१९१८च्या त्याच साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. अमेरिकन लेखिकेला त्या साथीतून एक नायक मिळाला. आपल्या घराघरांत मेलेल्यांपैकी एकही आपल्या कथेत परत आला नाही.

आणि साहित्य सुचायला जागा नाही, असं मला सांगू नका. पुण्यात भरवस्तीच्या मधोमध वेताळ टेकडी आहे. तिच्यावरून रस्ता आणि खालून बोगदे न्यायचा बेत आणि पुणेकरांचा त्याला विरोध सर्वांना ठाऊक आहे. गोव्यात आणि तळकोकणात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. मग पुण्याच्या वेताळाने टेकडीखालचा बोगदा बघून काय करायचं? हा प्रश्न ज्याला सुचत नाही तो लेखक कसला? लोककथेत पाण्याच्या जागी साती आसरा राहतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपली जागा परत मागितली. मिठीची आसरा त्या दिवशी कुठे होती, आणि आज सिमेंटच्या भिंतींमध्ये ती काय खाऊन जगते? १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागांवर आज मॉल आहेत, काचेचे मनोरे आहेत. जो संप संपलाच नाही त्यातला साचेवाला रात्रपाळीच्या भोंग्याला लोअर परळच्या सरकत्या जिन्यावर उभा राहत नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? ही कादंबरी कुणीतरी लिहा. मी ती विकत घेईन, वाचेन, आणि वाईट असेल तर कडाडून टीकाही करेन.

सिनेमावाल्यांना हे आपल्याआधी कळलं. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा चित्रपटगृहांत फार चालला नाही. २०२४ साली तो पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, कोकणातलं गाव आहे, पेशवाईनंतरचं ब्राह्मणी घर आहे, आणि भाषा हिंदी आहे. आदित्य सरपोतदारांनी २०२२ साली 'झोंबिवली'त डोंबिवलीच्या टोलेजंग संकुलावर झोंबी सोडले आणि ते मराठीत केलं. दोन वर्षांनी त्यांनीच 'मुंज्या' केला, कोकणातला आपला मुंजा, आणि तो हिंदीत देशभर चालला. ऐवज आपला, प्रेक्षक आपला, भाषा मात्र सोडून जायची. दोष त्या दिग्दर्शकांचा नाही. मराठी पुस्तकांनी त्यांच्यासाठी रस्ता बांधून ठेवला नाही, हा दोष आपला आहे.

किशोरांबद्दल एवढंच सांगते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला की आपला मुलगा थेट 'मृत्युंजय'वर किंवा पुलंवर जाऊन पडतो. बारा ते सतरा या वयासाठी मराठी कादंबरीच्या कपाटात एक मोठी पोकळी आहे, आणि नेमक्या त्या वयात शरीर बदलत असतं, राग अनावर होत असतो, आईबाप परके वाटू लागलेले असतात. पौर्णिमेला लांडगा होणारा मुलगा म्हणजे दुसरं काय आहे? हे त्याला इंग्रजीत कुणीतरी सांगितलं. मराठीत सांगितलं असतं तर तो मराठीत थांबला असता. आज हौशी मुलंमुली मोबाइलवर, प्रतिलिपीसारख्या मंचांवर मराठीतून भयकथा लिहीत आहेत, हजारो लोक त्या वाचत आहेत, आणि त्यांच्या मजकुरावर हात फिरवायला एकही चांगला संपादक नाही. प्रकाशकांनी तिथे जावं. तिथे पुष्कळ कच्चं आहे, पुष्कळ नक्कल आहे, आणि मधूनच एखादं असं पान सापडतं की आपण दिवा लावून बसतो.

म्हणून आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. किशोरांसाठीच्या आणि प्रौढांसाठीच्या अद्भुत व गूढ कादंबरीला या संस्थेच्या पुरस्कारांत स्वतंत्र वर्ग न करता, इतर कादंबऱ्यांच्याच रांगेत उभं करून, त्याच कसोटीवर मोजावं. आणि पुढच्या वर्षी धारपांच्या व मतकरींच्या गूढ साहित्यावर दिवसभराचं चर्चासत्र व्हावं, ज्यात कौतुकाचे निबंध नकोत, चिकित्सेचे हवेत. या ठरावाला सकाळच्या परिसंवादातल्या मान्यवरांचा विरोध असेल हे मला ठाऊक आहे. त्यांनी पाच वाजता यावं, धारपांची निदान एक कादंबरी वाचून यावं, आणि पानाचा संदर्भ देऊन बोलावं. उत्तर द्यायला मी तयार आहे.